शुद्ध जातीची कोंबडी आणि हॅचरीचें पिल्लूं

बैलबाजारांत आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास फसविणें सोपें नाहीं. लाल कंधारी म्हणून पुढें आणलेल्या गोऱ्ह्याच्या नुसत्या रंगावर तो भाळत नाहीं. तो शिंगें पाहतो, वशिंड पाहतो, खूर पाहतो, दहा पावलें चालवून पाहतो, आणि एवढें झाल्यावरहि गाय कोणाची व वळू कोठला हें विचारल्यावांचून इसार देत नाहीं. तोच शेतकरी दारापुढें उभ्या राहिलेल्या टेम्पोंतून कोंबडीचीं पन्नास पिल्लें घेतो तेव्हां मात्र विकणाऱ्याच्या तोंडचें नांव हाच त्याला पुरावा वाटतो. "शुद्ध कडकनाथ", "अस्सल असील", "ओरिजिनल गावरान" असें म्हटलें कीं पैसे मोजले जातात. पिल्लूं लहान, किंमत थोडी, आणि व्यवहार बायकापोरांचा, अशी समजूत असल्यामुळें ह्या प्रकाराकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. ती समजूत चुकीची आहे असें माझें मत असून तें वाचकांपुढें मांडण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संकरित पक्षी वाईट असतो असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा व ग्रामप्रिया, बंगळूरकडची गिरिराजा, ह्या कोंबड्या परसांत पाळण्यासाठीं मुद्दाम तयार केलेल्या आहेत आणि त्या आपलें काम चोख करतात. आपली साधी गावरान कोंबडी वर्षाकाठीं साठसत्तर अंडीं देते. ग्रामप्रियेला नीट दाणापाणी मिळाल्यास ती दीडशेंच्या पुढें जाते. ज्याला अंडीं विकून घरखर्च भागवावयाचा आहे त्यानें अशाच कोंबड्या घ्याव्यात. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें तर कडकनाथाच्या संकरानें "कारी श्यामा" व असीलाच्या संकरानें "कारी निर्भीक" असे पक्षी काढले. पण त्या संस्थेनें त्यांस संकर म्हणूनच नांव दिलें व संकर म्हणूनच लोकांच्या हातीं दिले. माझी तक्रार आहे ती संकराच्या अंगावर शुद्ध जातीचें नांव चढवून दुप्पट पैसे घेण्याविषयीं.

नांवाला एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. ह्याचें उत्तर कापूस पेरणाऱ्यास सांगावें लागूं नये. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रांतून निघालेलें नांदेड-४४ हें संकरित वाण गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून पुष्कळ वर्षें आपल्या भागांत घरोघर पेरलें गेलें. ज्यांनीं त्याची सरकी घरीं ठेवून दुसऱ्या सालीं पेरली त्यांच्या शेतांत एक झाड उंच तर दुसरें ठेंगणें, एकाचीं बोंडें टपोरीं तर दुसऱ्याचीं किरटीं, असा प्रकार झाला. उलट आपल्या विद्यापीठाची "परभणी मोती" ही ज्वारी सरळ वाणाची. तिचीं कणसें निवडून राखलीं तर पुढच्या रब्बींत तीच ज्वारी उभी राहते. बियाणीं दोन्ही चांगलीं. परंतु एक दरसाल विकत घ्यावयाचें आणि दुसरें घरीं राखतां येतें, हा भेद पेरणाऱ्यास आधीं ठाऊक असावा लागतो. पिशवीवर वाणाचें नांव असावें म्हणून १९६६ चा बियाणे कायदा आहे. टेम्पोंतून येणाऱ्या पिल्लांच्या खोक्यावर कसलीहि चिठ्ठी मीं अद्याप पाहिलेली नाहीं.

शुद्ध जातीचें पिल्लूं महाग घेणारा मनुष्य तें कापून खाण्यासाठीं घेत नसतो. त्याच्या अंड्यांची रवण बसवावी, घरचा कळप वाढवावा, चार अंडीं सोयऱ्याधायऱ्यांस द्यावीं, ह्या हेतूनें तो पैसे मोजतो. संकराच्या पहिल्या पिढींत त्याची फसगत दिसत नाहीं. ती दुसऱ्या पिढींत उघडी पडते, आणि तोंपर्यंत वर्ष लोटलेलें असतें.

माझीच गोष्ट सांगतों. तीन वर्षांपूर्वीं एका हॅचरीचीं चाळीस पिल्लें मीं शुद्ध कडकनाथ म्हणून घेतलीं. तलंगा वाढल्या त्या काळ्याभोर निघाल्या. पिसें, पाय, कातडी, जीभ, सारें काळें. नर मात्र फिके होते. त्यांचा तुरा तांबूस आणि पंखाखालची कातडी राखी दिसे. विचारतां, "नरांत थोडें असें असतेंच," असें उत्तर मिळालें, आणि तें मला पटलें, कारण डोळ्यांपुढें कोंबड्या काळ्या कुळकुळीत होत्या! त्यांतलाच एक बरा कोंबडा ठेवून मीं रवण बसविली. तेवढ्यावर न थांबतां सेलूकडील दोन सोयऱ्यांस आणि गांवांतील तीन घरांस रवणीसाठीं अंडीं दिलीं, तींहि पैसे घेऊन व शुद्ध म्हणून. माझ्या घरीं एकतीस पिल्लें निघालीं. त्यांत आठ पांढऱ्या कातडीचीं होतीं, अकरा गर्द काळीं, आणि उरलेलीं बारा मधल्याच राखी रंगाचीं. माझ्या आवारांत दुसरा कोंबडा नव्हता, तेव्हां शेजारच्या कोंबड्यावर दोष ढकलण्याचीहि सोय राहिली नाहीं. सोयऱ्यांकडे तोच प्रकार. हॅचरीनें मला फसविलें हें खरें. परंतु त्या पांच घरांना फसविणारा मीच होतों, आणि त्यांनीं मला तसें बोलूनहि दाखविलें.

हें असें कां झालें ह्याचा उलगडा मला मागाहून झाला. तो शंभराहून अधिक वर्षें जुना आहे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले, आणि ते जनावरांसहि लागू पडतात हें १९०२ सालीं इंग्लंडांत विल्यम बेटसन ह्यानें दाखविलें तें कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच. पुढें १९११ सालीं बेटसन व पनेट ह्या दोघांनीं काळ्या कातडीच्या सिल्की नांवाच्या चिनी कोंबडीचे संकर करून त्यांची हकीकत छापली. सिल्कीचा काळेपणा आणि आपल्या कडकनाथाचा काळेपणा ह्यांचें मूळ एकच आहे, म्हणून त्यांचे निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत.

थोडक्यांत प्रकार असा आहे. अंगांत काळा रंग भरणारा एक गुण असतो. तो बापाकडून आला काय किंवा आईकडून आला काय, एकट्यानेंहि आपलें काम करतो. परंतु पांढऱ्या किंवा पिंवळ्या पायांच्या साधारण कोंबडींत दुसरा एक गुण असतो, जो हा काळा रंग दाबून टाकतो. ह्या दुसऱ्या गुणाची खुबी अशी कीं कोंबडी तो फक्त आपल्या मुलग्यांस देते, मुलींस देत नाहीं. आतां शुद्ध कडकनाथ कोंबडा पिंवळ्या पायांच्या दहा साध्या कोंबड्यांत सोडला तर काय होईल? सगळ्या पिल्लांस बापाकडून काळा गुण मिळेल. त्यांपैकीं नरांस आईकडून दाबणारा गुणहि मिळेल व ते फिके पडतील. माद्यांस तो न मिळाल्यामुळें त्या शुद्ध कडकनाथासारख्या गर्द काळ्या निघतील. म्हणजे एक खरा कोंबडा आणि दहा साध्या कोंबड्या एवढ्या भांडवलावर विकणाऱ्यास वाटेल तितक्या काळ्या तलंगा करतां येतात. घेणारा तर कोंबडीच पाहतो, कारण त्याला अंडीं हवीं असतात.

ह्या पहिल्या पिढींतील नर व मादी एकत्र ठेवून पिल्लें काढलीं तर चोवीस पिल्लांत सरासरीनें नऊ गर्द, नऊ फिकीं आणि सहा साफ पांढऱ्या कातडीचीं असा हिशेब येतो. माझ्या एकतीसांची वांटणी ह्या हिशेबाशीं किती जुळते तें वाचकांनींच ताडून पाहावें. मला हा हिशेब आधीं ठाऊक असता तर त्या फिक्या नरांवरूनच मीं सगळा माल ओळखला असता.

म्हणून कडकनाथ घेणाऱ्यास माझें पहिलें सांगणें असें कीं, कोंबडीवर जाऊं नये, कोंबड्याकडे पाहावें. त्याच खेपेचे तीनचार महिन्यांचे नर दाखवावयास सांगावें. चोंच उघडून जीभ व टाळू पाहावी, पंख उचलून आंतली कातडी पाहावी. तुऱ्यावर जांभळट झांक असली तर हरकत नाहीं. परंतु तुरा लालभडक, जीभ गुलाबी आणि कातडी फिकी असेल तर तो पक्षी संकराचा. सगळे नर मादींइतकेच काळे असले तरी मात्र लगेच निश्चिंत होऊं नये, कारण विकणाऱ्याच्या साध्या कोंबड्या निळसर काळ्या पायांच्या असतील तर त्यांच्यांत तो दाबणारा गुण नसतो आणि मग संकराचे नरहि काळे निघतात. अशा वेळीं डोळ्यांचा इलाज चालत नाहीं.

ह्याच्या उलट चूकहि लोक करतात. कडकनाथ म्हणजे पिसेंसुद्धां काळींच असलीं पाहिजेत असें समजून मानेवर पांढऱ्या रेघांचे किंवा सोनेरी पिसांचे पक्षी बाजूला काढतात. वास्तविक कडकनाथांत गर्द काळा, रुपेरी रेघांचा आणि सोनेरी असे तीन प्रकार मूळचेच आहेत. काळें अंडें व काळें रक्त ह्या तर शुद्ध थापा होत. कडकनाथाचें अंडें फिकट बदामी असतें आणि रक्त लालच असतें. ज्या दुकानदारानें काळीं अंडीं दाखविलीं त्यानें रंगाचा डबा कोठें ठेवला आहे तेवढें पाहावें!

नांवाच्या बाबतींत आणखी एक घोटाळा आहे. झाबुआच्या कडकनाथास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हांपासून आपल्याकडचे विक्रेतेहि त्या मानांकनाचा कागद दाखवूं लागले. मध्यप्रदेशांतील झाबुआ, अलीराजपूर, धार ह्या भागांत भिल्ल व भिलाला लोकांनीं ही जात राखली, आणि तें मानांकन झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाचें आहे. परभणीच्या बाजारांत आलेल्या पिल्लाच्या आईबापांविषयीं तो कागद अवाक्षर सांगत नाहीं. ह्या जातीच्या नांवाला केवढी किंमत आली होती हें २०१९ सालीं सांगली जिल्ह्यांत दिसून आलें. पिल्लें आम्ही देतों, अंडीं व पक्षी आम्हीच परत घेतों, असें सांगून इस्लामपूर येथून चालविलेली योजना त्या वर्षीं कोसळली आणि राज्यांतील कित्येक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. तेथें मुख्य प्रश्न पैशांचा होता, जातीचा नव्हता. तथापि कडकनाथ ह्या पांच अक्षरांवर इतक्या लोकांनीं आपली पुंजी लावावी, हें जातीच्या नांवाचा व्यापार कोठवर जातो तें समजण्यास पुरेसें आहे.

असीलाविषयीं थोडक्यांत सांगतों. बस्तर व आंध्राकडील ही जात आपल्या लोकांस निजामाच्या राज्यापासून माहीत आहे. उभी ताठ ठेवण, लांब मान, अंगासरशीं चिकटलेलीं कडक पिसें, चोंचीखालीं लोंबती कातडी जवळ जवळ नाहींच, आणि डोक्यावर वाटाण्यासारखा बसका लहान तुरा, हीं तिचीं चिन्हें होत. परंतु हा वाटाणी तुरा साध्या उभ्या तुऱ्यावर मात करणारा आहे. असील कोंबडा साध्या कोंबड्यांत सोडला तर पहिल्या पिढींतील पिल्लांचा तुरा बसकाच निघतो, आणि दुसऱ्या पिढींत चार पिल्लांमागें एकास उभा तुरा फुटतो. पिंवळ्या पायांचा, दणकट, बसक्या तुऱ्याचा प्रत्येक कोंबडा असील नव्हे, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ. झुंजीसाठीं असील धुंडाळणाऱ्यांची मला मुळींच कींव नाहीं. त्यांचा तो खेळ १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या विरुद्ध आहे.

आतां गावरानीकडे वळूं, कारण आपल्या जिल्ह्यांत खरा प्रश्न तिचाच आहे. कडकनाथ घेणारे गांवांत दोघे निघतील. गावरान कोंबडी जिंतूरच्या डोंगरांतील तांड्यापासून गंगाखेडच्या गोदाकांठापर्यंत घरटीं आहे. "शुद्ध गावरान" हा शब्दप्रयोगच मुळीं चमत्कारिक आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे देशांतील मान्य जातींची नोंद होते. त्या यादींत असील आहे, कडकनाथ आहे, नंदुरबार व लगतच्या गुजराथेंतील बुसरा आहे. गावरान ह्या नांवाची जात त्या यादींत नाहीं. गावरान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर चरून, मुंगसाला चुकवून, झाडावर झोंपून टिकलेला मिश्र रंगांचा कळप. तिच्यांत तांबडी, काळी, कवडी, उघड्या मानेची, उलट्या पिसांची, अशी सगळी भेसळ असते. तेव्हां रंगावरून गावरान ओळखतों असें कोणी म्हटल्यास त्याला कांहीं कळत नाहीं असें खुशाल समजावें.

हॅचरीवाल्यांनीं नेमका ह्याच गोष्टीचा फायदा घेतला आहे. रंगीबेरंगी संकर काढला कीं तो गावरान म्हणून खपतो. त्यांतहि एक पोटप्रकार आहे तो सांगतों. तांबूस कवचाचीं अंडीं देणाऱ्या व्यापारी कोंबड्यांत बहुधा बाप तांबडा व आई पांढऱ्या पिसांची अशी जोडी योजलेली असते, आणि त्यांचें पिल्लूं पहिल्याच दिवशीं रंगावरून ओळखूं येतें. मादी तांबूस, नर पिंवळट पांढरा. मादी अंड्यांच्या कारखान्यांत जाते. नराचा तेथें उपयोग नसल्यामुळें तो कवडीमोल भावानें बाहेर पडतो आणि दुचाकीवरच्या जाळींतून गांवोगांव "गावरान कोंबडा" म्हणून फिरतो. पांढऱ्या लेगहॉर्नचे नर तर गुलाबी व हिरव्या रंगांत बुडवून जत्रेंत पोरांना विकतात. ज्या खेपेंत सगळ्या माद्या एका रंगाच्या व सगळे नर दुसऱ्या रंगाचे असतील ती खेप बहुतकरून अशाच कारखान्यांतली समजावी. गावरान पिल्लांत रंगाची अशी शिस्त नसते.

मोठ्या पक्ष्यांत पाहावयाचें झाल्यास चोंचीचें टोंक पाहावें. तें कापून बोथट केलेलें असेल तर तो पक्षी कोंडवाड्यांतला आहे, मग विकणारी म्हातारी तो आपल्या अंगणांतला म्हणून कितीहि शपथा घेवो. वजन पाहावें. दोन महिन्यांत किलोभर भरणारा पक्षी गावरान नव्हे. गावरानीस त्याला चार-पांच महिने लागतात. हातांत धरली असतां गावरान हलकी व अंगानें कठीण लागते, आणि सोडली कीं सरळ छपरावर जाते. अंड्याच्या तांबूस कवचावरून मात्र कांहींच ठरवूं नये. तो रंग जातीवर अवलंबून असतो आणि व्यापारी कोंबड्यांचीं तांबूस अंडीं "गावरान अंडीं" म्हणून शहरांत चढ्या भावानें विकलीं जातात.

परंतु ह्या सगळ्यांहून मोठें लक्षण म्हणजे खुडूक बसणें. गावरान कोंबडी दहाबारा अंडीं घातलीं कीं खुडूक होते, एकवीस दिवस डालग्यांत बसून राहते, पिल्लें काढते आणि घारीवर धांवून जाऊन तीं वांचविते. जास्त अंडीं देणाऱ्या संकरांतून ही बुद्धि निवडीनें काढून टाकलेली असते, कारण खुडूक कोंबडी अंडीं देत नाहीं. जो शेतकरी गावरान समजून असा संकर घेतो त्याच्या अंगणांत दोन वर्षें अंडीं होतात आणि मग खुराडें रिकामें होतें. पुढच्या पिल्लांसाठीं त्याला पुन्हां त्याच टेम्पोची वाट पाहावी लागते. गरीब घरच्या बाईस हा तोटा विशेष लागतो. तिच्या जवळ हॅचरी नाहीं, यंत्र नाहीं. खुडूक बसणारी कोंबडी हेंच तिचें उबवण केंद्र होतें.

ही गोष्ट आजच एवढी निकडीची कां वाटते तें सांगतों. २०२१ च्या जानेवारींत आपल्या परभणी तालुक्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्लूनें सुमारें आठशें कोंबड्या मेल्या, आणि रोग पसरूं नये म्हणून भोंवतालच्या एक किलोमीटर टापूंतील पक्षी नष्ट करण्याचा हुकूम झाला. हुकूम योग्यच होता. त्यापूर्वीं २००६ च्या फेब्रुवारींत नवापूर येथें हा रोग आपल्या देशांतील कोंबड्यांत प्रथम सांपडला, आणि नवापूर हा तर बुसरा जातीचा मूळ मुलूख. अशा टापूंत अंगणांतल्या कोंबड्या एकदां गेल्या म्हणजे शेकडों पिढ्यांचें बीज एका आठवड्यांत नाहींसें होतें. मग लोक पुन्हां कोंबड्या घेतात त्या कोठून? शेजारच्या गांवाहून गावरान तलंगा आणल्या तर तें बीज परत येतें. "गावरान" नांवाच्या संकराचें खोकें उघडलें तर येत नाहीं, आणि खुराडीं भरलेलीं दिसत असल्यामुळें कांहीं गेलें आहे हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

ह्यावर कित्येकांचें म्हणणें असें कीं, शुद्धाशुद्धतेचा हा सोंवळेपणा शौकिनांनीं पाळावा, शेतकऱ्याला चार पैसे मिळाल्याशीं कारण. आणि खाणाराला तर काळें मांस काळेंच लागतें. खाणाराविषयीं हें मला मान्य आहे. संकराच्या काळ्या तलंगेचें कालवण करणाराचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु रवणीसाठीं अंडें विकणारा मनुष्य बियाणें विकत असतो, आणि बियाण्यांत भेसळ करणाऱ्यास आपण गांवांत काय म्हणतों तें निराळें लिहावयास नको.

उपाय काय, तर पिढीची कसोटी. कोणतेंहि बाह्य चिन्ह पहिल्या पिढींत खोटें पडूं शकतें. नातवंडांत तें सहसा लपत नाहीं. शुद्ध म्हणून आणलेल्या पक्ष्यांची जोडी वेगळी ठेवावी, त्यांचीं निदान पंचवीसतीस पिल्लें वाढवावीं, आणि सगळीं आईबापांसारखीं निघालीं तरच त्या कळपाचें अंडें जातीच्या नांवानें दुसऱ्यास द्यावें. तोंपर्यंत देऊं नये. वेगळी ठेवणें म्हणजे काय ह्याविषयींहि गैरसमज आहेत. कोंबडी एकदां दुसऱ्या कोंबड्यास लागली कीं जन्माची बाटली, ही समजूत खोटी आहे. परंतु कोंबडा दूर केल्यावरहि दोनतीन आठवडे तिचीं अंडीं त्याच्याच बीजाचीं असूं शकतात. म्हणून जुना कोंबडा काढल्यापासून पुरते तीन आठवडे सोडून मग रवणीचीं अंडीं गोळा करावीं. आठदहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो, आणि दोनतीन वर्षांनीं तो दुसऱ्या घरच्या कसोटी लागलेल्या कळपांतून बदलावा, नाहींतर भावंडांचाच संकर होत जाऊन पिल्लें दुबळीं निघतात. पायांत रंगीत कडें घालणें हें दोन रुपयांचें काम आहे.

विकणाऱ्याकडून पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: बापाची जात, आईची जात, आणि पिल्लें कितव्या पिढीचीं. ज्याचा माल खरा आहे तो लिहून देण्यास कांकूं करणार नाहीं, आणि संकर विकणारा प्रामाणिक असेल तर "संकर" असें लिहून देईल व आपणहि तो संकराच्या भावानें आनंदानें घेऊं. शंका असल्यास परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील जाणत्या मंडळींस पक्षी नेऊन दाखवावा. पण महाविद्यालयालाहि एकट्या तलंगेवरून तिचा बाप सांगतां येणार नाहीं, म्हणून कळपाची माहिती बरोबर न्यावी.

आपल्या मंडळाच्या सभासदांस माझी सूचना अशी आहे कीं, मंडळाच्या कचेरींत कोंबड्यांसाठीं एक नोंदवही ठेवावी. कोणाच्या घरीं कोणत्या जातीचा कळप आहे, तो कोठून आला, दुसऱ्या पिढींत पिल्लें कशीं निघालीं, एवढेंच तींत लिहावें. खुडूक बसणाऱ्या चांगल्या गावरान कोंबड्या कोणाकडे आहेत त्यांचीहि नोंद व्हावी, म्हणजे मुरुंब्यासारखा प्रसंग दुसऱ्या कोणत्या गांवावर आल्यास तलंगा कोठून आणाव्यात हें विचारीत फिरावें लागणार नाहीं. ह्या वहींत पहिली नोंद माझी असावी, आणि ती "संकर" अशी असावी.

ज्या पांच घरांस मीं अंडीं दिलीं होतीं त्यांचे पैसे मीं परत केले. चौघांनीं घेतले. सेलूकडील एका मामींनीं घेतले नाहींत. त्यांच्या पांढऱ्या कातडीच्या कोंबड्या चांगलीं अंडीं देत आहेत आणि त्यांतल्या दोन खुडूकहि बसल्या, असें त्यांनीं कळविलें आहे. माझ्याकडे हल्लीं झाबुआ भागांतून आणलेला एक कोंबडा व चार कोंबड्या वेगळ्या आवारांत आहेत. त्यांचीं अठ्ठावीस पिल्लें माघांत तीन महिन्यांचीं होतील. तोंपर्यंत माझ्या घरीं रवणीचीं अंडीं मिळणार नाहींत.